वनौषधींच्या मलमाची परीक्षा कशी होते?



उसाच्या पाल्याने हात चिरतात, तोडणीत कोयता लागतो. अशा वेळी आपण घरची हळद दाबतो, नाहीतर बाजारातले वनौषधींचे मलम लावतो. मागील हंगामात गट ऑफिसला आलेल्या एका सभासदांचा पंजा सुजून टम्म झाला होता. "साहेब, चार दिवस मलम लावतोय. डबीवर जंतुनाशक छापलंय की!" असे ते म्हणाले. त्यांना तातडीने दवाखान्यात पाठविले. 'जंतुनाशक' हे कशावरून ठरते, ते सर्वांस समजावे म्हणून हा लेख.

प्रथम हळदीची अथवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांची पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून अर्क काढतात. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे अर्क कशात काढला, यावरही निकाल अवलंबून असतो.

नंतर काचेच्या चपट्या थाळीत जंतूंना पोषक असा घट्ट थर ओततात. त्यावर पू करणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू पसरतात आणि अर्क लावलेली कागदाची छोटी टिकली ठेवतात. सुमारे 37 अंश सेल्सिअस उबेत एक दिवस ठेवल्यावर जंतू वाढून थर गढूळ दिसतो. अर्क लागू पडला असेल, तर टिकलीभोवती स्वच्छ कडे पडते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

खताच्या चाचणीत आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसेच इथेही आहे. अल्कोहोल स्वतःच जंतू मारते. म्हणून एक टिकली नुसत्या अल्कोहोलची व एक माहितीतल्या औषधाची ठेवावी लागते. नाहीतर कडे कशाने पडले, हे कसे कळणार? पुढे अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करीत, कमीत कमी किती मात्रेत जंतूंची वाढ थांबते ते पाहतात.

पण अर्क पास झाला म्हणजे मलम पास झाले, असे नव्हे. प्रयोगशाळेत रोप हिरवेगार दिसले म्हणून एकरी टनेज आपण धरतो का? अर्क मलमाच्या तेलातच अडकून राहू शकतो. क्रीममध्ये पाणी असल्यास त्यातच जंतू वाढू शकतात. म्हणून तयार क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून 28 दिवसांपर्यंत त्यांची मोजणी करतात. त्वचेला खाज, पुरळ येते का हेही तपासतात. जखम बरी होते की नाही, ते मात्र माणसांवरील रीतसर चाचणीनेच ठरते.

आजीची हळद खोटी, असे माझे म्हणणे नाही. पण घरची पूड निर्जंतुक नसते. तरी सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1) जखम प्रथम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. माती, शेण, राख लावू नये.

2) मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. कोयत्याची जखम झाल्यास इंजेक्शनबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

3) मलम घेताना परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत पाहावी.

4) सूज, ठणका, पू वा ताप असल्यास मलमाच्या भरवशावर थांबू नये.

आपल्या फडातील तोडणी मजुरांनाही हे जरूर सांगावे. ऊस दोन दिवस उशिरा तुटला तर चालेल, पण हात गमावून चालणार नाही.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी