पल्ला आणि परिणाम

जयपूरच्या पश्चिमेकडील वैशाली नगरातून निघून शहर ओलांडले आणि आमेरच्या वरचा डोंगर चढला, की जयगड किल्ल्यात 'जयबाण' ही प्रचंड तोफ दिसते. सवाई जयसिंगाच्या काळात, १७२० साली, ती किल्ल्यातच ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५० टन आहे. तिचा गोळा ३५ किलोमीटरांवर पडल्याची दंतकथा वाटाडे सांगतात. परंतु लढाईत ती कधीही डागली गेली नाही.

केवळ पल्ल्यावरून शस्त्राची परिणामकारकता ठरत नाही. लक्ष्य हेरता येते काय, मारा नेमका तेथेच पडतो काय आणि तो पुनःपुन्हा करणे परवडते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती अवलंबून असते.

जर्मनीचे 'व्ही-२' क्षेपणास्त्र सुमारे ३२० किलोमीटर जात असे. सप्टेंबर १९४४ पासून अशी तीन हजारांहून अधिक क्षेपणास्त्रे मुख्यतः लंडन व अँटवर्पवर सोडण्यात आली. त्यांचा नेम कित्येक किलोमीटर चुके. त्यामुळे हजारो नागरिक मृत्युमुखी पडले, तथापि युद्धाची दिशा बदलली नाही. पुढे मार्गदर्शन-यंत्रणा सुधारल्या आणि थोड्या क्षेपणास्त्रांनी धावपट्टी किंवा रडार निकामी करणे शक्य झाले. राजस्थानातील पोखरण येथे चाचण्या झालेले 'ब्राह्मोस' याच प्रकारचे होय.

ड्रोनने तिसऱ्या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. भारत सरकारच्या निवेदनानुसार ८-९ मे २०२५ च्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० पाकिस्तानी ड्रोन आले. त्यांतील अनेक पाडण्यात आले. त्यांचा एक संभाव्य हेतू आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करणे हा होता. म्हणजे पाडला गेलेला ड्रोनही शत्रूस उपयोगी पडू शकतो. रडार कोठे आहे, हे त्यावरून कळते. शिवाय स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र खर्ची पडले, तर बचाव यशस्वी होऊनही भांडार रिकामे होते.

त्या दिवसांत जैसलमेर व बाडमेर येथील रहिवाशांनी दिवे मालवून रात्री काढल्या. जयपूर सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. परंतु आता अंतर हेच संरक्षण मानता येत नाही. दूरच्या माऱ्याने भूमी जिंकता येत नाही, हे खरे. मात्र सामान्य नागरिकाचे घर रणभूमीच्या कक्षेत येते. म्हणून वेळेवर मिळणारा इशारा आणि सुरक्षित आसरा यांनाही शस्त्रांइतकेच महत्त्व दिले पाहिजे.