पदवीचे 120 तास आणि आपला कारखाना

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदलले, हे बहुतेक वाचकांच्या कानावर आले असेल. या बदलातील एक भाग मात्र असा आहे की तो महाविद्यालयाच्या चार भिंतींत पुरा होऊच शकत नाही. तो आपल्या दुकानात, कारखान्यात आणि मोहल्ल्यात पुरा व्हायचा आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्याची म्हणावी तशी माहिती नाही, म्हणून आज बाजारभावाची चर्चा बाजूला ठेवून या विषयाचा विचार करू.

राज्य शासनाने 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा नवा आराखडा दिला. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट म्हणजे समाजात जाऊन करावयाचे काम, यांना क्रेडिट ठेवली आहेत. क्रेडिट म्हणजे काय, असा प्रश्न आम्हाला अनेक पालकांनी विचारला. हे गुण नव्हेत, ते कामाच्या वेळेचे माप आहे. वर्गातील व्याख्यानांचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट. प्रत्यक्ष कामाचे मात्र 30 तास भरावे लागतात. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट आहेत, म्हणजे 120 तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. इतका वेळ एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे कामाला येणार आहे.

ही कल्पना सरकारने आज शोधून काढली असे कोणी समजू नये. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात व कारखान्यात पाठविण्यास सुरुवात केली होती. पण आपल्याला तेवढे दूर जाण्याची गरज नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्धा येथे शिक्षण परिषद बोलावली. तीतून जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य ठेवून गणित, भाषा, भूगोल हे सारे त्याच्या अनुषंगाने शिकवावे, अशी ती योजना. सूतकताई व विणकाम हे त्यातील प्रमुख उद्योग. योजनेचे नाव पडले ‘नई तालीम’. ज्या कामाला आपल्याकडे अनेक लोक ‘अडाण्यांचा धंदा’ म्हणत, त्यालाच त्या थोर शिक्षणतज्ज्ञाने शाळेत मानाची जागा दिली, ही गोष्ट विणकरांच्या मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे.

आता सध्या काय चालले आहे ते पाहा. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाचा विद्यार्थी आमच्या पेढीवर आला. प्रमाणपत्राचा छापील नमुना त्याने सोबत आणला होता, तारखाही भरलेल्या. “चाचा, फक्त सही-शिक्का पाहिजे.” काम काय करायचे, असे आम्ही विचारले तर म्हणाला, सरांनी काही सांगितले नाही. मुलगा हुशार होता, अर्थशास्त्र शिकत होता, आणि त्याचे वडील स्वतः लूमवर काम करतात. पण कापडाचा भाव कसा बांधला जातो, हे त्याला ना घरी कोणी सांगितले ना वर्गात. आम्ही शिक्का दिला नाही. दुसरीकडे त्याला मिळाला असणारच. असा शिक्का देणारा दुकानदार मनात म्हणतो की आपण पोराचे भले केले. प्रत्यक्षात वडिलांचा हुनर मुलाला परका राहतो, आणि ज्या हिशेबासाठी कारखानदाराला शिकलेला माणूस हवा आहे तो हिशेब अंदाजाने चालू राहतो.

तेव्हा असा विद्यार्थी आला तर त्याला काय द्यावे? आम्ही आमच्या धंद्यातील एक उदाहरण देतो. त्याच्या हाती कापडाचा तुकडा आणि पिक मोजण्याचे भिंग द्या. समजा, कापड 60 नंबर सुताचे कॅम्ब्रिक आहे. एका इंचात ताण्याचे 92 व बाण्याचे 88 धागे, आणि पन्हा 48 इंच. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती आट्या बसतात ते. 60 नंबर म्हणजे एका पौंडात 50,400 यार्ड सूत, म्हणजेच एका ग्रॅममध्ये सुमारे 101.6 मीटर. ताण्याचे धागे 92 गुणिले 48, म्हणजे 4,416. एक मीटर कापडाला 4,416 मीटर सूत, वजन सुमारे 43.5 ग्रॅम. बाण्याचे असेच काढले तर सुमारे 41.6 ग्रॅम येतात. एकूण साधारण 85 ग्रॅम. मग मुलाला तेच कापड काट्यावर तोलायला लावा. वजन जास्त भरेल, आणि ते का भरले हा खरा धडा आहे. सूत कापडात सरळ नसते, वर-खाली वाकून जाते म्हणून जास्त लागते. शिवाय ताण्याला सायझिंगची खळ असते. शेवटी त्याला एक बीम पुरा होईपर्यंत लूमजवळ उभे करा. धागा किती वेळा तुटला, लूम किती मिनिटे बंद राहिला, वाया गेलेले सूत किती, हे त्याने वहीत लिहावे. यात त्याचा वेळ गेला असे कोण म्हणेल? आणि जॉबरशी बोलल्याशिवाय यातले अर्धे त्याला उमगणार नाही, हा आणखी एक फायदा.

एम.कॉम.चा विद्यार्थी असेल तर त्याला उधारीची वही द्या. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरला जातो. ही तरतूद 2023 च्या वित्त कायद्याने आणली. हा लाभ माल तयार करणाऱ्याला आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. आपण ज्यांच्याकडून माल घेतो त्यांपैकी उद्यम नोंदणी कोणाची आहे आणि कोणाचे पैसे मुदतीबाहेर गेले, याची यादी विद्यार्थ्याने करावी. कर सल्लागाराला ही यादी आयती मिळेल.

समाजकार्याच्या क्रेडिटसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन क्रेडिटच्या अभ्यासक्रमाची चौकट दिली आहे. त्यातील निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष वस्तीत जावा अशी अपेक्षा आहे. झाडे लावून फोटो काढण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी विणकर, भरतकाम करणाऱ्या महिला आणि शिलाई कारागिरांची उद्यम नोंदणी करून द्यावी. ही नोंदणी 2020 पासून आधार व पॅनवर मोफत होते, तरी तिच्यासाठी पैसे घेणारे एजंट मोहल्ल्यामोहल्ल्यात बसले आहेत.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. विद्यार्थी म्हणजे फुकटचा हमाल नव्हे. वीस दिवस तागे उचलायला लावून प्रमाणपत्र देणे ही फसवणूकच आहे. झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला होता की मुलांच्या हातून होणाऱ्या उत्पन्नाकडेच लक्ष गेले तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल. नव्वद वर्षे होत आली, इशारा जुना झालेला नाही.

दुसऱ्या बाजूने, आपणही महाविद्यालयात शिकवायला जाऊ शकतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली. आपल्या क्षेत्रात 15 वर्षांचा भरीव अनुभव असलेल्या जाणकाराला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय ठराविक मुदतीसाठी नेमता येते. 2023 मध्ये स्थानिक कलाकार व कारागिरांना महाविद्यालयाशी जोडण्याची योजना मांडली गेली. पैठणी किंवा हिमरू विणणारा उस्ताद वर्गात उभा राहू शकतो, भाषेचा संकोच असेल तरी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गिऱ्हाइकांशी बोलून शिकलो. विद्यार्थ्यांसमोर बोलताना कोणी हसले नाही.

ज्यांना विद्यार्थी घ्यायचा आहे त्यांनी परीक्षा तोंडावर येण्याची वाट पाहू नये. सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना एका पानाचे पत्र द्यावे: आमच्याकडे हे काम आहे, दोन विद्यार्थी घेऊ, वेळ अमुक ते अमुक, रात्रपाळी नाही, देखरेखीला हा माणूस. येण्याजाण्याचा खर्च जमल्यास द्यावा. मुलींसाठी पेढीवरील हिशेब, नमुने व मालाची तपासणी ही कामे ठेवावीत आणि बसण्याची नीट सोय करावी. रोजच्या कामाची वही ठेवावी: तारीख, तास, केलेले काम, आणि त्या दिवशी ज्याने शिकवले त्याची सही, मग तो मालक असो, जॉबर असो की कांड्या भरणारी बाई. प्रमाणपत्र त्या वहीवरून लिहावे.