माल खरा, तर उमेद खरी

लहान धंदा बंद पडला की आपण भांडवल, जागा, स्पर्धा अशी कारणे मोजतो. जळगाव-धुळ्याकडचे व्यवहार पाहून माझे मत असे झाले आहे की, पुष्कळ दुकाने गल्ला रिकामा होण्याच्या कितीतरी आधी मालकाच्या मनातून उठलेली असतात. तो रोज शटर उघडतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, हिशेबही लिहितो. पण आपला माल चांगला आहे हे सांगताना त्याची जीभ अडखळू लागलेली असते. यावर हल्ली प्रेरणादायी भाषणांचा उतारा सुचवला जातो. भाषणाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तोच कंटाळा येतो, कारण दुखणे उत्साहाचे नसते. धंद्यातली उमेद सचोटीच्या मागून चालते, असे मी अनुभवाने मानतो. माल आणि शब्द खरे ठेवले तर मंदीचे दिवसही निभावतात. ते सुटले, तर चांगल्या विक्रीचे दिवससुद्धा ओझे होतात.

खरेपणा हा नुसता चांगला शब्द राहिला तर त्याचा धंद्याला उपयोग नाही. तो रोजच्या मालात मोजता आला पाहिजे. जळगावचे भरीत घ्या. असोदा, बामणोद या गावांकडची हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी थंडीत बाजारात येतात. ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडते आणि सोबत कळण्याची पुरी असते. २०१६ मध्ये या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले. आता थंडी सरल्यावरचा विचार करा. हवे ते वांगे मिळेनासे होते, पण पुण्या-मुंबईची मागणी थांबत नाही. विक्रेत्यापुढे तीन वाटा असतात: भरीत बंद करून दुसरे काही विकणे, वांगी साधी आहेत असे सांगून विकणे, किंवा मिळेल ते वांगे जळगावच्या नावावर खपवणे. तिसरी वाट सर्वांत सोपी आहे, आणि नुकसानाची सुरुवात तिथेच होते. शेवभाजीच्या शेवेत बेसनाबरोबर वाटाण्याचे पीठ मिसळणे, शेंगदाणा तेलाच्या जागी गुपचूप पामतेल वापरणे, हे त्याच जातीचे प्रकार आहेत. ही तफावत गिऱ्हाइकाला महिन्यांनी कळते, पण कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती त्याच दिवशी कळते. जे काम करताना रोज स्वतःपासून काहीतरी लपवावे लागते, त्या कामावर माणसाचे मन फार काळ टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. शेजारचा स्वस्त विकतो, गिऱ्हाईक भाव पाहून वळते, मग खरेपणाने पोट कसे भरायचे? आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. पण स्वस्त विकणे आणि फसवून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पामतेलातली शेव पामतेलातली म्हणून कमी भावात विकण्यात कमीपणा नाही. दोन प्रतींचा माल ठेवावा, दोन भाव लावावेत आणि फरक तोंडाने सांगावा. दुसरे म्हणजे, भाव परवडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी खर्चाचा हिशेबच पुरता मांडलेला नसतो. उन्हाळ्यात घरोघरी बिबड्या, पापड, कुरडया करून विकणाऱ्या बायका ज्वारी, तीळ, जिरे, सरपण यांचा खर्च धरतात. पहाटे उठून केलेले कांडण आणि दिवसभर उन्हात बसून केलेली राखण मात्र हिशेबात येत नाही. स्वतःची मजुरी शून्य धरून ठरवलेला भाव हा स्वतःशीच केलेला खोटा व्यवहार आहे. त्यातून आधी थकवा येतो, मग चिडचिड होते आणि शेवटी मालात काटछाट सुरू होते. म्हणून भाव ठरवताना आपली मजुरी पहिल्या ओळीत लिहावी. त्या भावात माल खपत नसेल, तर कमी करावा किंवा दुसरा करावा. फुकट राबून धंदा चालल्याचे समाधान मानू नये. ज्याचा उगम सिद्ध करता येतो अशा मालाला दूरचा बाजारही उघडतो. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. मालाबरोबर गावाचे नाव गेले, आणि ते नाव कागदावर सिद्ध करता येत होते.

दुसरा आक्षेप असा की, आता सगळे कायद्याने ठरते, मग विक्रेत्याच्या सचोटीला वेगळी किंमत काय उरली? जळगावचा सराफ बाजार या प्रश्नाचे चांगले उत्तर देतो. इथल्या सोन्याच्या शुद्धतेवर भरवसा ठेवून लोक लांबून खरेदीला येत, आणि हा लौकिक हॉलमार्कच्या सक्तीच्या कितीतरी आधीचा आहे. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांकही आवश्यक ठरला. शुद्धतेची हमी शिक्क्याने दिली, म्हणजे ती सगळ्यांकडे सारखीच झाली. पण मोड घेताना घट किती धरायची, घडणावळ आधी सांगायची की बिलात, सोन्याचा भाव चढल्यावर जुनी नोंद कशी पाळायची, हे शिक्का ठरवत नाही. ते दुकानदार ठरवतो. कायद्याने किमान पातळी वर आली, की त्याच्या पुढचा सगळा लौकिक वागण्यावर उभा राहतो. छोट्या धंद्याला हे सोयीचेच आहे, कारण मोठ्या दालनाची रोषणाई त्याला परवडत नसली, तरी सरळ वागणे परवडते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सचोटी सांभाळत आपल्या ओळखीच्या धंद्यालाच चिकटून राहिले तर वाढ कशी होणार? खानदेशातच याची दोन मोठी उदाहरणे आहेत. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सात हजार रुपयांवर रॉकेलविक्री सुरू केली. पुढे शेतीच्या अवजारांपासून खतांपर्यंत एजन्सी घेतल्या, १९७८ मध्ये केळी भुकटीचा जुना कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन काढले, मग पाइप आणि ठिबक सिंचनाकडे वळले. यात बदल सतत होता, पण प्रत्येक पाऊल शेतकऱ्याच्या गरजेशी बांधलेले होते. १९९० च्या दशकात त्यांची कंपनी वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान अशा त्या काळी झगमगणाऱ्या क्षेत्रांत शिरली आणि मोठ्या तोट्यात गेली. ही चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली आणि कंपनी पुन्हा पाण्या-शेतीकडे आली. दुसरे उदाहरण अमळनेरचे. तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनीच पुढे विप्रो झाली. अझीम प्रेमजी यांनी १९६६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, ती हाती घेतली आणि नंतर संगणकाकडे नेली. तुपापासून संगणकापर्यंतची ही उडी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, असे कोणी म्हणेल. पण १९७८ च्या सुमारास आयबीएम भारतातून बाहेर पडल्यावर इथे संगणकाची खरी गरज मोकळी पडली होती. ती ओळखून, माणसे जमवून, शिकून केलेला तो बदल होता, आणि जुना ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदाही चालू होता. तेव्हा बदल आपल्या वाटेवरचा असो की नव्या वाटेचा, प्रश्न एकच विचारावा: यात कोणाची अडचण दूर होते, आणि ती दूर करणे मला येते का? त्याला उत्तर नसेल आणि फक्त ‘सगळे तिकडे चालले आहेत’ एवढेच कारण असेल, तर लहान धंद्याने थांबावे. मोठ्या कंपनीला चुकीतून परत फिरायला वेळ आणि पत मिळते. किराणा दुकानाला किंवा खानावळीला ती मिळत नाही.

उमेद खचवणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी प्रेरणेच्या पुस्तकांत फारसे नसते. ती म्हणजे उधारी. माल उत्तम आणि वागणे सरळ असले, तरी पैसे अडकले की माणूस मनाने बसतो. हा आजार मोठ्यांनाही सोडत नाही. वर सांगितलेल्या जैन उद्योगाचे खेळते भांडवलही शासकीय अनुदानाच्या येण्यांत अडकत असे. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या संकटात सापडली, त्यामागे वाढलेल्या कर्जाबरोबर अशी अडकलेली येणीही होती. म्हणून छोट्या उत्पादकाने भिडेपोटी गप्प बसू नये. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. संबंध बिघडतील ही भीती मला समजते. पण मुदत पहिल्याच बिलावर छापलेली असली, तर नंतर मागताना संकोच होत नाही. मुदत आधी सांगणे हासुद्धा खरेपणाच आहे.

शेवटचा आक्षेप मोबाइलच्या काळाचा आहे: दाखवल्याशिवाय आता काही विकले जात नाही. दाखवावे, जरूर दाखवावे. पण जे रोज घडते तेच दाखवावे. चित्रफितीसाठी चूल आणि विक्रीसाठी गॅसची भट्टी, असा प्रकार पहिले गिऱ्हाईक आणतो आणि दुसऱ्यांदा येणारे घालवतो. यंत्र वापरत असाल तर यंत्र दाखवा. स्वच्छ यंत्राची लोकांना अडचण नसते. हंगाम संपला की तसे स्पष्ट लिहा. वर्षातले काही दिवस माल नाही असे सांगणारा विक्रेता उरलेल्या दिवशी जास्त विश्वासाचा ठरतो, आणि त्या मोकळ्या दिवसांत त्याला विसावाही मिळतो. विश्रांती हा आळस नाही. खानदेशातल्या उन्हाळ्यात भर दुपारी दुकान दोन तास बंद ठेवल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान थकून उर्मट झालेल्या मालकामुळे होते.

धंदा करणाऱ्या माझ्या खानदेशी बंधू-भगिनींना म्हणून विनंती आहे: उमेद वाटेनाशी झाली, की आधी वही उघडा. मालात कुठे काटछाट सुरू झाली, कोणता शब्द पाळला गेला नाही, स्वतःची मजुरी कुठे बुडाली आणि कोणाकडे पैसे अडकले, या चार गोष्टी लिहून काढा. त्यातली एक या महिन्यात दुरुस्त करा, दुसरी पुढच्या महिन्यात. चारही जागा नीट असूनही मन लागत नसेल, तर तो धंदा तुमचा नाही हे मान्य करून तो व्यवस्थित बंद करा आणि सगळ्यांची देणी चुकती करा. तेही सचोटीचेच काम आहे, आणि ते केलेल्या माणसाला दुसरा धंदा उभा करायला बाजारात पत उरलेली असते.