‘वजन योग्य’ या शेऱ्यावर जाऊ नका

माझ्या नववीतल्या मुलीच्या आरोग्यपत्रिकेवर शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी ‘वजन योग्य’ असा शेरा मारला होता. वर “छान बारीक झालीस, अशीच राहा” अशी शाबासकीही दिली. तेव्हा तिची पाळी बंद झाली होती, केस मूठमूठ गळत होते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसत होती.

हे सगळं मी फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनाही सांगितलं. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट चाळून “सगळं नॉर्मल” म्हटलं. बाईंनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या. “जेवतेस ना नीट?” – “हो.” झाली चौकशी! दप्तरात रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्याचं मी सांगायला लागले, तर डॉक्टर तिच्या देखत म्हणाले, “अहो, या वयात सगळ्याच मुली डाएट करतात. तुम्ही फार मागे लागता तिच्या.” त्यानंतर घरात माझं कोण ऐकणार? नवरासुद्धा तेच वाक्य मला ऐकवायला लागला.

शेवटी शेजारणीने सांगितलं म्हणून एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी लसीकरणाचं कार्ड आणि शाळेच्या जुन्या पत्रिका मागवल्या. एकेक आकडा वाढीच्या तक्त्यावर मांडला. वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यातून वर चढत आलेली वजनाची रेघ काही महिन्यांत खाली कोसळली होती. ६१ किलोवरून ४८. उंची १५८ सेंटीमीटर, म्हणून ४८ ‘योग्य’! आधी किती होतं हे शाळेतल्या डॉक्टरांनी पाहिलंच नव्हतं, मागच्या वर्षीची नोंद त्याच कार्डावर असूनही.

मग बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला आडवं झोपवून मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ४४. दिवसा, जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली तर अशा मुलीला दाखल करण्याचा विचार करावा लागतो, असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझे हातपाय गार पडले. आणि मग संताप आला. एवढ्या दवाखान्यांत रक्त काढलं, सोनोग्राफी केली, पण मनगटाला हात कुणीच लावला नव्हता.

नंतर मला बाहेर बसवून त्यांनी तिला पाच प्रश्न विचारले. ‘स्कॉफ’ नावाची ही प्रश्नावली लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पोट जड झालं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची धास्ती वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन उतरलंय का, लोक बारीक म्हणत असताना तुला स्वतः जाड वाटतं का, दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार असतो का. दोन ‘हो’ आले तरी पुढची तपासणी हवी. पाच मिनिटांचं काम. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं, अ‍ॅटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया. उपाशी राहण्याच्या आजाराच्या या प्रकारात वजन चारचौघींसारखं दिसतं, पण हृदयाला धोका हाडकुळ्या मुलींइतकाच असू शकतो.

फॅमिली डॉक्टरांना हे कळवलं, तर म्हणाले, अमेरिकेतसुद्धा सरसकट सगळ्या मुलींची अशी चाळणी करा असं सांगत नाहीत. मी शोधून वाचलं. तिथल्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये म्हटलंय ते लक्षणं नसलेल्या मुलांबद्दल, आणि तेही ‘पुरेसा पुरावा नाही’ एवढंच. माझ्या लेकीची पाळी गेली होती, डॉक्टर!

तेव्हा आयांनो, जुनी वजनं-उंची तारखेसकट एका कागदावर लिहून न्या. शेवटच्या पाळीची तारीखही लिहा. नाडी आणि रक्तदाब झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. कुणी हसलं तरी सांगा. वजन करण्याआधी मुली घटाघटा पाणी पितात, म्हणून आधी लघवीला पाठवा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून गप्प बसू नका, या आजारात ते बरेचदा नॉर्मलच येतात. मुलीशी एकटीशी बोला असा आग्रह डॉक्टरांकडे धरा. तिच्याशी प्रेमाने वागा, वगैरे सगळेच सांगतात, तेही खरंच. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

शाळेत वर्गासमोर वजन ओरडून सांगायची पद्धत मात्र बंद करायला लावा. आमच्या शाळेत ‘एकसष्ट!’ असं पुकारलं होतं, आणि वहीत लिहून घेणारी वर्गातलीच मुलगी होती.

उपचार सुरू झाल्यावर तूप-लाडूंचा मारा करू नका. फार उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील. नातेवाइकांनाही आवरा. दिवाळीत तिची आत्या कौतुकाने म्हणाली, “आता कशी गुबगुबीत दिसतेस!” त्या रात्री ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, तिच्या अंगावरून चांगलं-वाईट काहीही बोलायचं नाही. वन्सं अजून रुसलेल्या आहेत. रुसू देत.