बाळंतिणीचं डोकं दुखतंय? आधी प्रेशर मोजा

गरोदरपणात माझा रक्तदाब एकदाही वाढला नव्हता. लघवीची तपासणी दर वेळी व्यवस्थित आली. बाळ आडवं होतं म्हणून सीझर झालं, टाकेही छान सुकत होते. पावसला माहेरी आले, आता फक्त विश्रांती घ्यायची असं सगळ्यांनीच धरलं होतं. त्याच रात्री डोकं ठणकायला लागलं.

आजी म्हणाली, "ओटीवर बसलीस ना कान उघडे टाकून, वारं लागलंय." तिने कानाला फडकं बांधलं, ओव्याची धुरी दिली. मावशीला वाटलं, जागरणाने असेल. शेजारच्या वहिनींचं त्यांच्या सीझरनंतर मणक्यातल्या इंजेक्शनमुळे आठवडाभर डोकं दुखलं होतं. सीझर झालेल्या शहरातल्या दवाखान्यात फोन केला, तर तिथूनही तेच कारण मिळालं आणि वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितलं. पण ते दुखणं उठल्या-बसल्यावर वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. माझं आडवं होऊनही उतरत नव्हतं. सकाळी कॅलेंडरवरचे आकडे धूसर दिसू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, उजव्या बरगडीखाली कळ येत होती.

बाळाला बघायला आशाताई आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाळाचं वजन मागनं करू. आधी केंद्रात चला, प्रेशर बघू." प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरांनी दोनदा मोजलं, 170/112. डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध दिलं आणि दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटचं एकेक खोल इंजेक्शन. भयंकर आग होते त्याची, मी ओरडलेच. मग 108 ची गाडी, गोळप, भाट्याचा पूल, रत्नागिरी. वाढलेल्या प्रेशरमुळे येणारा झटका, म्हणजे फिट, मला आला नाही.

तो न येण्यामागे मोठं संशोधन आहे, हे मला रत्नागिरीला कळलं. 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना मॅग्नेशियम सल्फेट दिलं, त्यांच्यात झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. त्यातल्या काही बायकांना ते बाळंतपणानंतर दिलं होतं. औषध स्वस्त आहे, त्याचा पहिला डोस छोट्या केंद्रातही देता येतो. अट एकच, रक्तदाब वाढलाय हे कुणाला तरी कळायला हवं.

आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. ब्रिटनमध्ये 1992 साली झटका आलेल्या सगळ्या बाळंतिणींची आणि गरोदर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 44 टक्के जणींना झटका बाळंतपणानंतर आला होता. वार पडली की रक्तदाबाचा हा आजार संपला असं आपण समजतो, पण रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातो. म्हणजे बाई घरी आलेली असते, आणि घर बाळाभोवती जमलेलं असतं. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे दर चार बाळंतपणांत एक सीझर. इतक्या जणींच्या डोकेदुखीला मणक्यातल्या इंजेक्शनचं कारण आयतंच चिकटतं. ते खरंही असेल, पण प्रेशर मोजल्याशिवाय ते कुणी ठरवू नये. डॉक्टरांनीही फोनवर ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माहेरी येणाऱ्या मुलींनो, दवाखाना सोडताना शेवटचं प्रेशर किती होतं ते कागदावर लिहून घ्या. ती फाईल बाळाच्या दुपट्यांबरोबर सोबत आणा, सासरी ठेवू नका. पहिल्या आठवड्यात निदान एकदा तरी प्रेशर मोजून घ्या, त्रास असो वा नसो. 160/110 किंवा त्याहून वर गेलं तर एक तासही घरी थांबायचं नाही. पुढच्या वेळी दिवस राहिले की आधीच्या वेळी प्रेशर वाढलं होतं हे पहिल्याच भेटीत सांगा. काही जणींना डॉक्टर सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आजी-मावश्यांनो, धुरी-शेक करा, कानही बांधा. पण डोकं ठणकतंय, नजर अंधूक झालीय किंवा छातीखाली दुखतंय असं बाळंतीण म्हणाली, तर आधी तिला केंद्रात न्या. बाळंतपणानंतर सहा आठवडे उलटेपर्यंत हा धोका असतो. वाहन मिळत नसेल तर 108 ला फोन करा, रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.