रोजचं टाचण आपोआप : एआय एजंटसाठी आजचं पान तयार ठेवताना



सकाळी वर्गात शिरल्यावर आपण आधी काय करतो? फळ्यावर वार, दिनांक, सुविचार, एकूण पट, हजर, गैरहजर. शिकवणं त्यानंतर. हे रकाने रोज त्याच जागी असतात, म्हणून ऑफ तासाला दुसऱ्या वर्गाचे सर आले तरी त्यांना काही विचारावं लागत नाही. आजचा पाठ एवढाच आहे, फक्त फळ्याच्या जागी ऑब्सिडियन नावाचं नोंदींचं ॲप.

ऑब्सिडियनमधली प्रत्येक नोंद ही साधी मजकुराची फाइल असते आणि ती आपल्याच लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये राहते. मी डोंबिवलीला राहते, शाळा ठाण्यात. गेल्या वर्षापासून माझं टाचण याच ॲपमध्ये आहे आणि जोडीला एक एआय एजंट. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे; तो फाइल उघडतो, वाचतो, तिच्यात लिहितोही. मात्र काल काय झालं ते त्याच्या लक्षात असेलच असं नाही. ऑफ तासाच्या सरांसारखी त्यालाही वहीच वाचावी लागते.

ॲपमध्ये 'डेली नोट्स' ही सोय आहेच. सेटिंगमध्ये 'कोअर प्लगइन्स'मध्ये ती चालू करा, नमुन्याची फाइल दाखवा, की रोज त्या तारखेचं पान मिळतं. पण कधी? आपण ॲप उघडून ते मागितलं तर! माझा एजंट पहाटेच कामाला लागायचा आणि मी ॲप उघडायचे गाडीत जागा मिळाली तर. पान नाही म्हटल्यावर तो स्वतःच एक बनवायचा. एक दिवस नाव 'आजचे नियोजन', दुसऱ्या दिवशी 'दैनंदिन आराखडा'. पंधरा दिवसांत सगळी वही विस्कटली.

म्हणून पान बनवण्याचं काम ना ॲपकडे ठेवायचं, ना एजंटकडे. ते लॅपटॉपच्या घड्याळाला द्यायचं. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' असतो. पहाटे पावणेपाचला एक छोटी स्क्रिप्ट चालव, असं त्याला सांगून ठेवायचं. लॅपटॉप तेव्हा बंद असेल तर वेळ चुकल्यावर लगेच चालवण्याचा पर्यायही तिथेच आहे, तो निवडा. स्क्रिप्ट लिहायला कोडिंग यायला हवं असं नाही, कुठलाही चॅटबॉट ती लिहून देईल. पण त्याला नेमकं सांगा : फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं, इंग्रजी अंकांत, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. नमुन्याची नक्कल करून तारीख स्क्रिप्टनेच भरायची. आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर हातसुद्धा लावायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी विसरले होते. मागच्या पावसाळ्यात एका मुलाच्या आईचा रात्री फोन आला, 'मॅडम, तो आत्ताच तापातून उठलाय, उद्या पळायला लावू नका.' मी लगेच उद्याचं पान उघडून लिहून ठेवलं. पहाटे स्क्रिप्टने त्यावर कोरा नमुना चढवला. एजंटने पान वाचलं, त्यात काहीच नव्हतं. पी.टी.च्या तासाला तो मुलगा पळाला. पी.टी.च्या सरांना त्याला धाप लागलेली दिसली, त्यांनी बसवलं, म्हणून निभावलं. ॲपच्या 'फाइल रिकव्हरी'त माझा मजकूर नंतर सापडला, पण तास होऊन गेला होता. चूक एजंटची नव्हती, माझी होती.

दुसरी गंमत वेळेची. स्क्रिप्ट किंवा एजंट बाहेरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर बहुधा तिथलं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असतं. पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख! म्हणून स्क्रिप्टमध्ये 'आशिया/कोलकाता' वेळ लिहायला सांगा. (आपल्याला यात नवल वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' चालत होती.)

पानावर दोनच मोठे भाग ठेवा : 'माझं' आणि 'एजंटचं'. एजंटने लिहायचं ते दुसऱ्याच भागात. आणि आपोआप होऊ द्यायचं ते पान, त्यातला मजकूर नव्हे. एजंटकडून अख्खं टाचण भरून घेणं म्हणजे गाइडमधून उतरवणंच की. पालकांनी दहावीच्या मुलासाठी असं पान केलं, तर 'आज काय समजलं नाही' हा रकाना मुलानेच लिहावा. एजंटने फार तर त्यावर पाच प्रश्न काढावेत.

मुलांची नावं, आजार, घरच्या गोष्टी मात्र या फोल्डरमध्ये नकोतच. एजंट जे वाचतो ते बरेचदा बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. त्या ताप आलेल्या मुलाची नोंद मुळात इथे यायलाच नको होती. आता असे फोन मी पर्समधल्या छोट्या डायरीत टिपते आणि सकाळी पी.टी.च्या सरांना स्वतः सांगते.

सुरुवात करताना पहिले आठ दिवस एजंट जोडूच नका. पान रोज तयार होतंय का, एवढंच बघा. मग एका रात्री मुद्दाम उद्याच्या पानावर एक ओळ लिहून झोपा. सकाळी ती ओळ जागेवर असली, तरच एजंटला फोल्डर दाखवा.