वॉर्डात इंजेक्शन बंद केले, म्हणजे दुर्लक्ष झाले का?

आपला माणूस दवाखान्यात दाखल असतो. पहिल्या दिवशी दोन-दोन अँटिबायोटिक सलाईनमधून चालू असतात. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर एक बंद करतात, दुसऱ्याच्या जागी गोळी लिहून देतात. लगेच नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, ‘गरीब बघून भारी इंजेक्शन बंद केलं.’ हा संशय उगाच आलेला नाही. केसपेपरच्या रांगेत आपण काय काय ऐकून घेतले आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. पण या बाबतीत बऱ्याचदा गोष्ट उलटी असते. औषध वेळेवर कमी करणे, हेच त्या डॉक्टरांना प्रशिक्षणात शिकवलेले असते.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारते. सर्दी, डेंग्यू यांसारख्या विषाणूंच्या आजारांवर ते चालत नाही. गरज नसताना दिले की कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच हा इशारा दिला होता. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दवाखान्यात तर हे जिवाणू हातांवरून, लघवीच्या नळीवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात.

म्हणून भारत सरकारने 2017 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही दवाखान्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यात शिकवण्यासारखे पहिले सूत्र म्हणजे, शक्यतो औषधाचा पहिला डोस देण्याआधी रक्त, लघवी किंवा पू कल्चर तपासणीला पाठवायचा. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने औषध चालते. रोगी अत्यवस्थ असेल तर अहवालाची वाट बघत बसायचे नसते. पण 48 ते 72 तासांनी केसपेपर पुन्हा उघडून विचारायचे की हे औषध अजून हवे का, साधे चालेल का, गोळीवर आणता येईल का? तिसऱ्या दिवसाचा तो बदल येथून येतो.

ऑपरेशनचेही तसेच. चिरा देण्याआधीच्या तासाभरात एक डोस बहुतेक वेळा पुरतो आणि 24 तासांपुढे सहसा गरज नसते. तरी टाके काढेपर्यंत औषध चालू ठेवायची जुनी सवय आहे. ती मोडणे सगळ्यात अवघड, कारण ती भीतीतून आलेली असते.

नुसत्या व्याख्यानाने अशी सवय सुटत नाही, असे आम्हाला वाटते. जाणते डॉक्टर, प्रयोगशाळेचे तज्ज्ञ आणि औषधनिर्माते वॉर्डात येऊन प्रत्येक खाटेपाशी ‘हेच का? किती दिवस?’ असे विचारतात, तेव्हा नवे डॉक्टर खरे शिकतात. सिस्टरनेही विचारायचे असते, कारण डोसची वेळ त्यांच्या हातात असते. आणि सफाई करणाऱ्या मावशी-मामांचे काय? त्यांत आपल्या वस्त्यांतली कितीतरी माणसे आहेत. हात कधी आणि कसे धुवायचे, हे त्यांना नीट शिकवले नाही तर डॉक्टरांचे शिक्षण अर्धेच राहते.

आपणही वॉर्डात नम्रपणे पण बिनधास्त विचारावे: ‘डॉक्टरसाहेब, कल्चर पाठवले का? अहवाल काय आला? औषध किती दिवस?’ दाखल होण्याआधी मेडिकलमधून काय घेतले होते, ते लपवू नये. रिकामी पट्टी सोबत न्यावी. मात्र औषध बंद करायचे ते डॉक्टरांनीच, आपण मनाने नाही. टीबीच्या औषधात तर एक दिवसही खाडा नको.

सुटी मिळताना कल्चरच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि केसपेपरसोबत पिशवीत ठेवावी. पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, तर तेथील डॉक्टरांना आधी तोच कागद दाखवावा.